ज्याला आपण बंदूक शिकवली

ज्ञानबा, तिसऱ्या दिवशी राख सावडताना तुझ्या थोरल्याच्या हाताला लोखंड लागलं. त्याला वाटलं, लाकडातला खिळा असंल. मग अजून एक निघालं, मग आणखी. वाकडेतिकडे, ज्वारीच्या दाण्याएवढे, जळून काळे पडलेले तुकडे. ओंजळीत घेऊन तो माझ्याकडं आला. "काका, हे काय हाय?" मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या पाठीतलं हाय. डॉक्टरला सगळं काढता आलं न्हाई." तो ओंजळ तशीच धरून उभा राहिला. टाकावं का ठेवावं, त्याला कळेना.

त्यातले निम्मे माझे होते, हे मला त्याला सांगायचं होतं. सांगता आलं नाही. चुडाव्याचं अर्धं गाव भोवती उभं होतं.

पेपरात तुझा फोटो आला. खाली छापलंय, माजी सैनिक, मनमिळाऊ स्वभावाचे. मनमिळाऊ! तू कुणाशी जमवून घेतलंस रे? माझ्याशी घातलेला एक वाद तू म्हातारपणापर्यंत मिटू दिला नाहीस. मी पेडगावहून यायचो, तू चुडाव्याहून, पूर्णा स्टेशनच्या बाकड्यावर चहा घेत बसायचो, आणि दुसऱ्या कपाला बोलण्याची गाडी ठरल्या जागी यायची: मास्तर. त्यानं आपल्याला फसवलं का नाही फसवलं? मी म्हणायचो फसवलं. तू म्हणायचास नाही. मग तू कप आपटून उठायचास, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथंच बसायचास.

आता तू नाहीस, तर तो वाद मला एकट्यालाच घालावा लागतो. दोन्ही बाजूंनी.

उत्तरेतली ती डोंगरातली छावणी. आपली तिथं बदली झाली तेव्हा, कुठं आहोत हे घरी कळवायचीही मनाई होती. तू हत्यारं आणि सुरुंग शिकवायचास, मी वायरलेस. शिकायला आलेली पोरं समुद्रापलीकडची, श्रीलंकेतली तमीळ. त्यांच्या सरकारशी आपल्या सरकारचं बिनसलं होतं, आणि ही पोरं त्याच सरकारशी लढायला निघाली होती. तेवढं पुरेसं धरलं गेलं. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, यांचा आणि आपला निशाणा एक आहे. यांना तयार करा, बाकीचा विचार वर झालेला आहे. आपण पाय जुळवले आणि जी साब म्हणालो. विशी-पंचविशीतले आपण, वरच्या विचाराला शंका कशाला घेतोय?

मास्तर त्यांच्यातला. गावी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून आपण त्याला मास्तर म्हणायला लागलो. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. दंगलीत त्याचं घर पेटवलं होतं, आणि बहीण आतच राहिली होती. हे त्यानं एकदाच सांगितलं, तुटक्या हिंदीत, कोरड्या आवाजात, आणि परत हातातली तार गुंडाळायला लागला. तू त्या दिवशी लंगरमध्ये जेवायला आला नाहीस.

तेव्हापासून तो तुझा झाला. सुट्टीवरून येताना तू आणलेली कारळाची चटणी तू मला हात लावू द्यायचा नाहीस आणि त्याच्या ताटात वाढायचास. आपण दोघं बोलायचो ते ऐकून ऐकून त्याला आपली भाषा यायला लागली. पुण्याची नव्हे, आपली. "लय बेस, उस्ताद," म्हणायचा, आणि सगळी बराक हसायची. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात, पण तो म्हणायचा तेव्हा त्यात काहीतरी घरचं असायचं.

एकदा तू सुरुंगाचा धडा घेत होतास. म्हणालास, पहिल्या धमाक्यानं माणसं मरत नाहीत, पळतात. ती कुठं पळतील ते ओळखा, खरा माल तिथं लावा. मास्तरनं मान वर केली. "मंजे पळायची जागा बी आपूनच ठरवायची, उस्ताद?" तू खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारलीस. मी समोरच बसलो होतो. मलाही कौतुकच वाटलं होतं.

पोरं गेली. आपण युनिटात परत आलो. मग वरचा विचार बदलला. आपल्या सरकारनं त्यांच्या सरकारशी करार केला आणि पोरांना सांगितलं, झालं, आता हत्यारं खाली ठेवा. त्यांनी थोडी ठेवली, बाकीची पुरून ठेवली. ती कशी पुरायची, तेलात भिजवलेल्या फडक्यात कशी गुंडाळायची, हे त्यांना कुणी शिकवलं होतं ते तुला मी काय सांगू. आणि शांतता राखायला तिकडं पाठवलं कुणाला, तर आपल्याला.

उतरलो तेव्हा बायकांनी ओवाळलं. पोरं सायकली घेऊन ट्रकच्या मागं पळत होती. थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यावर आपल्या एका ट्रकचा पत्रा झाडावर लटकलेला होता. ज्यांच्यासाठी आलो असं आपल्याला सांगितलं होतं, तेच समोर होते. त्यांची दुष्मनी त्यांच्या सरकारशी होती. आपण त्या सरकारशी हात मिळवला, आपण दुष्मन झालो. इतकं साधं होतं ते. छावणीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती सकाळ मी लिहिणार नव्हतो. पण ती सोडून तुझ्याबद्दल काय लिहू?

कंपनी एका गावाकडं निघाली होती. लाल माती, दोन्ही बाजूला ताडाच्या बागा. माझ्या पाठीवर सेट, तू शेजारी. खरखरीतून अचानक आवाज आला, आपल्याच लाइनवर. "उस्ताद. ज्ञानबा उस्ताद. ऐकायलाव का?" परक्या मुलखात, आपल्याकडची बोली! मी हँडसेट तुझ्या-माझ्या कानांच्या मधे धरला. "रोड लय खराब हाय, उस्ताद. येऊ नगा. येऊ नगा." आणि बंद.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "चाल है. आपल्याला रस्त्यावरून हटवायचंय त्यांना."

तू म्हणालास, "साब, माझा शागिर्द आहे तो. माझ्याशी खोटं बोलायचा नाही."

साहेबांनी दोन जवानांना पुढं पाठवलं. समोरच्या मोरीखाली पिंपं भरून दारू होती आणि तार बागेत गेलेली होती. अख्खी कंपनी हवेत गेली असती. साहेबांनी तुझ्याकडं बघून मान डोलावली. तुझा चेहरा मी तेव्हा बघितला, ज्ञानबा. पोरगा पहिला आल्यावर बापाचा होतो तसा. मग साहेबांनी रस्ता सोडला आणि बागेतून पुढं जायचा हुकूम दिला.

पहिला धमाका लहान होता. कुणाला फारसं लागलंही नाही. माणसं बांधाच्या आडोशाला पळाली. फक्त तू ओरडलास, "बांधाकडं जाऊ नका! पळू नका! जमिनीवर!" तुला ठाऊक होतं. तो तुझाच धडा होता, पाठ केलेला, एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलेला. मग बांध उडाला.

तू माझ्या अंगावर पडलास. मला आधी तुझं वजन कळलं, मग आवाज, मग तुझ्या पाठीतून माझ्या मानेवर ओघळणारं गरम रक्त. डोळे उघडले तर माती अजून वरून पडत होती. ताडाच्या बुंध्यात माणसांचे तुकडे रुतलेले होते. गंगाखेडच्या बळीरामचे गुडघ्याखालचे पाय नव्हते आणि तो उठून बसायची खटपट करत होता. "गौतम, माझे बूट बघ रे, माझे बूट बघ," एवढंच ओरडत होता. मी त्याच्या मांड्या पट्ट्यानं आवळल्या. रक्त माझ्या बोटांतून येतच राहिलं. मग बागेच्या टोकाच्या घरातून मशीनगन सुरू झाली आणि जे बसून राहिले होते त्यांनाही तिनं आडवं केलं.

तू उठलास. पाठीचा सदरा चिंध्या झालेला, त्यातून मांस दिसत होतं, आणि तू त्या घराकडं पळत सुटलास. तुझ्यामागं चौघं-पाच जण. खिडकीतून ग्रेनेड टाकलात. मशीनगन थांबली. आत एकटा तू गेलास. बळीरामचं डोकं माझ्या मांडीवर, तरी माझा कान तिकडंच होता. आतून बोलण्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग एक गोळी. मग थोडं थांबून सगळं मॅगझिन.

तू बाहेर आलास आणि म्हणालास, "खलास." बळीराम त्याआधीच गेला होता.

नंतर मी आत जाऊन बघितलं. छातीची चाळण झालेली. चेहऱ्यावर रक्ताचा एक शिंतोडा नाही. गळ्यात त्यांच्या सगळ्यांच्या असायची ती विषाची कुपी, न फोडलेली. चष्मा नाकावर शाबूत. मी म्हणालो, "मास्तर हाय हा." तू तोंड फिरवलंस.

म्हणूनच मला तुझं कधी कळलं नाही. ज्याची तू गोळ्यांनी चाळण केलीस, त्याची बाजू आयुष्यभर तू कशी घेतलीस? मी बाकड्यावर विचारायचो, "त्यानं रस्त्यावरून उठवलं आन् बागेत घातलं. पळायची जागा त्यानंच ठरवली. तूच शिकवलं हुतंस." तू म्हणायचास, "त्यानं फसवलं न्हाई, गौतम." "मग बागेत तारा कुणी बांधल्या? भुतानं?" मग कप आपटणं.

गंगाखेडला सैनिकांचा सत्कार होता तो दिवस मी विसरणार नाही. शाल, नारळ, फेटे. बळीरामच्या म्हाताऱ्या आईलाही खुर्चीवर आणून बसवलं होतं. कुणी एक पुढारी भाषणाला उभा राहिला, पांढरेशुभ्र कपडे, आवाज तापलेला. म्हणाला, शेजारी देशाला धडा शिकवायचा तर त्याच्या घरातल्या बंडखोरांना आपण हत्यारं पुरवली पाहिजेत. त्यांच्याच हातानं त्यांना मारू, आपलं एक पोरगं मरायला नको! मांडव टाळ्यांनी फुटायला आला. तू उठलास. मी तुझा सदरा धरला, तो फाटून माझ्या हातात राहिला.

माइक तू हिसकावूनच घेतलास.

"कोण हायेत ती मान्सं, इचारलंय का कुनी?" तू म्हणालास. "त्यायला काय पायजे? त्यायचं भांडन मिटल्यावर ती हत्यारं कुनाकडं वळत्याल? आमी दिली हुती. आमच्या हातानं दिली, आमच्या हातानं शिकवली. ह्या माईचं पोरगं त्याच हत्यारानं मेलंय. इचारा तिला टाळ्या वाजवायच्या का!"

मांडव गार पडला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा घाबरला!" हशा झाला. पुढारी तुझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीचं काही बोलायला लागला आणि तू त्याची गचांडी धरलीस. त्याच्या पोरांनी तुला स्टेजवरून ढकललं. मांडवाच्या लोखंडी पायपावर तुझं कपाळ आपटलं. मी मध्ये पडलो, माझेही दोन दात हलले. सत्काराची शाल मी तुझ्या कपाळावर दाबून धरली, ती भिजून जड झाली.

आणि परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडलोच. आता वाईट वाटतं का? नाही वाटत. मला जे पटत नव्हतं ते मी तुझ्यापाशी नाही तर कुठं बोलणार होतो? मी म्हणालो, "ज्ञानबा, तू अर्धंच सांगायलास. त्याची बहीण जिती जाळली हुती. लोकं होड्यांत बसून जीव घिऊन आपल्याकडं पळून येत हुती. तवा आपून काय गप बसायचं हुतं?"

"गप कामून? पळून आलेल्याला जागा द्यायची, खाऊ घालायचं. जगाच्या फुडं बोंब मारायची. ती झाली मदत. आपून त्याला मदत न्हाई केली, गौतम. त्याच्या रागाचं आपल्याला काम हुतं. राग आपल्या कामाचा हाय तवर त्याला जेवू घातलं."

"समदेच देश करत्यात हे."

"आन् समद्यायचेच बळीराम मरत्यात."

कंडक्टर वळून बघायला लागला तेव्हा आपण थांबलो. कपाळाला टाके घालायला मी तुला परभणीला नेलं. टाके घालतानाही तू बडबडत होतास. डॉक्टर म्हणाला, आजोबा, तोंड मिटा. तू त्यालाही सोडलं नाहीस.

खरं सांगू का? मला अजूनही तुझं सगळं पटत नाही. कधी कधी दुष्मनाविरुद्ध साथीला फक्त असलाच कुणी मिळतो. पण त्याला जवळ करताना तो आपला नव्हे, हे लक्षात ठेवायला माणसं तेवढी थंड डोक्याची लागतात. आणि आपण, तू आणि मी, थंड नव्हतो. एका ताटातली चटणी खाल्ली की आपल्याला माणूस आपला वाटतो. वर बसलेल्यांनाही वेगळं काय वाटलं असंल? त्यांनी ताट वाढलं नव्हतं, एवढाच फरक.

मग तुझी शेवटची दुपार. दवाखान्यात तुझ्या नाकात नळी, कौसावैनी पाणी आणायला खाली गेलेल्या. तू खूण करून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, पोरांचं काही सांगशील.

"आत गेलो तवा त्यो भिताडाला टेकून बसला हुता," तू म्हणालास. कोण, हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. "मांडी फुटल्याली. बंदूक लांब पडल्याली. हात वर केल्याले. मला बघून म्हनला, उस्ताद, बागेतून कामून आलाव? म्या येऊ नगा म्हनलो हुतो. म्या माघारी जा म्हनलो हुतो."

तुझा श्वास लागला. मी म्हणालो, राहू दे. तू मान हलवलीस.

"रोडखाली बी त्याचंच हुतं, बागेत बी त्याचंच. त्यो काई लपवत नव्हता, गौतम. त्याला आपल्याला मारायचं बी हुतं आन् मी मरू नये असं बी वाटत हुतं. आपून निस्तं रोड ऐकलं. येऊ नगा ऐकलंच न्हाई."

"मग?"

"भाईर बळीराम वरडत हुता. म्या गोळी घातली. मग बोट निघंना."

मी तुझा हात धरला. ज्या प्रश्नावरून मी तुला इतकी वर्षं छळलं त्याचं उत्तर तुझ्या छातीत तसंच होतं, आणि तू ते सांगण्याऐवजी कप आपटत होतास. मला राग आला, ज्ञानबा. मरणाऱ्या माणसाचा राग आला. तू एकट्यानं का वाहिलंस ते? मी त्याला सेट शिकवला नव्हता का? तुझ्या पाठीतलं लोखंड माझं नव्हतं का? मग ओझं तेवढं तुझं एकट्याचं कसं झालं?

कौसावैनी पाणी घेऊन आल्या. तू त्यांच्याकडं बघून हसलास. संध्याकाळी गेलास.

काल गंगाखेडला गोदावरीच्या काठावर तुझं दहावं झालं. मी त्या विधींतला माणूस नाही, तुला माहीत आहे. मी बाजूला पायरीवर बसलो होतो. वैनी येऊन माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "भावजी, एक इचारू का? मास्तर कोन हो? दवाखान्यात शेवटी शेवटी एकच चालू हुतं, मास्तर जेवला का, मास्तरला वाढा. मी म्हनलं, आमच्या चुडाव्याच्या शाळेचे मास्तर तर कवाच वारले."

तू मला सांगू नको म्हणाला नव्हतास. मी सांगितलं. छावणी, चटणी, बाग, ते घर, सगळं. गोळीचंही. वैनी नदीकडं बघत ऐकत होत्या. मला वाटलं, रडतील, किंवा म्हणतील असं मेलेल्या माणसाबद्दल बोलू नका. त्या उठल्या, पदर खोचला आणि थोरल्याला म्हणाल्या, "गुरुजीला म्हनावं, आजून एक पिंड ठिवा."

गुरुजींनी भाताचा गोळा केला, दर्भ ठेवला, हातात पाणी घेतलं. "नाव काय यांचं?"

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मास्तर."

"हे नाव झालं का? खरं नाव सांगा. बापाचं नाव, गोत्र, काही?"

मी काय सांगणार होतो, ज्ञानबा? तू त्याला तार बांधायला शिकवलीस, मी त्याला आपल्या लाइनवर बोलायला शिकवलं. तो आपली भाषा शिकला. आपण त्याला त्याचं नाव विचारलं नव्हतं. ते विचारायचा हुकूम नव्हता, आणि नंतर विचारायला तो उरला नाही.

गुरुजी पाणी हातात धरून थांबले होते. बोटांच्या फटीतून ते गळून चाललं होतं.

"नाव ठावं न्हाई," वैनी म्हणाल्या. "आमच्या ह्यायच्या हातून गेलेला मानूस हाय. तसंच म्हना."

गुरुजी क्षणभर घुटमळले. मग त्यांनी तसंच म्हटलं.